मर्दुमशुमारीतून राहिलेली पोर

हळ्ळीखेडच्या मोटार-स्टँडवर मला सोडायला दोन माणसं आली होती आणि त्यात माझी आई नव्हती. अप्पांनी माझं गाठोडं टपावर चढवलं, क्लीनरनं बांधलेली गाठ सोडली आणि स्वतःच्या हातानं पुन्हा बांधली, कारण क्लीनर त्यांच्या ओळखीचा नव्हता. दुसरी होती शेजारची लगमाक्का, धनगराची. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. मी दहा-अकरा वर्षांची असेन. हुमनाबादवरून गुलबर्ग्यापर्यंत मोटार, तिथून रेल्वेनं सोलापूर, न्यायला आलेल्या मामाबरोबर त्याच्या घरी. माझी माय दारापर्यंतसुद्धा आली नव्हती. ती चुलीपुढं पाठ करून बसली होती आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली होती, "लगमाक्का, तुजी पोर जायलीय बघ. नीट घालव."

घर सोडताना लोकांना वडिलांचे आशीर्वाद मिळतात. मला अप्पांनी सांगितलं ते असं: "मामा सांगंल तसं ऱ्हा. आन् कुणी इचारलं घरात मान्सं किती, तर म्हाईत न्हाई म्हन."

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही हसाल. माझ्यासारखे जे बाहेर पडले ते कदाचित हसणार नाहीत. कुणी गिरणीसाठी गेलं, कुणी शाळेसाठी, कुणी लग्न होऊन. मी गेले ते एका कागदामुळं. त्या कागदावर माझं नाव नव्हतं, आणि ते का नव्हतं या एका प्रश्नानं माझी पुढची कितीतरी वर्षं खाल्ली. आईबापांबद्दल असा संशय धरणं बरं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून काय उपयोग, संशय काही सांगून येत नाही.

तो कागद म्हणजे मर्दुमशुमारीचा. सोलापूरकडं त्याला खानेसुमारी म्हणत, तुम्ही आता जनगणना म्हणता. मी सात-आठ वर्षांची असताना निजाम सरकारनं ती काढली. आधी दोन माणसं आली आणि गेरूनं प्रत्येक दारावर आकडा घालून गेली. गल्लीत कुणाला चैन पडेना. दारावर खूण केली म्हणजे काहीतरी उचलून न्यायचं असणार, हे तर उघड होतं. कुणी म्हणे लढाईवर पोरं पाठवायचीत. कुणी म्हणे डोईमागं पट्टी बसणार. कुणी म्हणे कोणत्या धर्माची डोकी जास्त ते बघायलेत, आणि हे सांगताना आवाज खाली जायचा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीनं दारं सारवून काढली. त्यात आमचंही होतं. ती माणसं पुन्हा आली, पुन्हा गेरू लावला आणि या वेळी शिव्याही दिल्या.

मग शुमारीचा मास्तर आला, बिदरकडचा, उर्दू शाळेतला. भला माणूस होता. आमच्या ओट्यावर बसला, मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं अप्पांना विचारलं, वय किती? अप्पा म्हणाले, मोठ्या गारा पडल्या तेव्हा मी बैल धरत होतो, तुम्हीच काढा. मास्तरानं काढलं. मग विचारलं, घरात बोली कोणती? अप्पांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "कुनासंगं बोलताना?" ते म्हणाले. हा काही चेष्टेचा प्रश्न नव्हता. बायकोशी मराठी, बाजारात कानडी, तुमच्यासारख्यांशी दखनी उर्दू, आणि बैलांशी तिन्ही. मास्तरानं डोकं खाजवलं आणि एक काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अप्पांनी विचारलं नाही, पण पुढं चार दिवस त्यांना त्याचा घोर होता.

मग माणसं. अप्पा, माय, माझे दोघे धाकटे भाऊ. चार नावं लिहून मास्तरानं मान वर केली. मी तांब्या घेऊन दारातच उभी होते. "और ये?" त्यानं बोट दाखवून विचारलं.

अप्पा गप्प बसले. आतून माय म्हणाली, "ती आमची न्हाई. लगमाक्काची हाय."

मास्तर पुढच्या दाराला गेला, त्याच्यामागं मी गेले. लगमाक्काची स्वतःची सात पोरं, नवरा मेंढरामागं भालकीकडं गेलेला. डोईमागं पट्टी बसणार हे तिच्याही कानावर आलं होतं. "माजी कुठली?" ती म्हणाली. "पोर त्यांचीच की. म्या नुस्ती इकत घेतलीय." मास्तरानं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता तो परत आमच्या दारी जाईल. पण त्याला अजून सबंध गल्ली करायची होती. त्यानं वही मिटली आणि पुढच्या घरी गेला. अशी मी त्या वहीत आलेच नाही.

विकत घेतलीय म्हणजे काय, तेही सांगते. माझ्या आधी मायची तीन लेकरं गेली होती. एकही वर्षाचं झालं नाही. मी झाले तेव्हा लगमाक्कानं मला सुपात घातलं, घराबाहेर नेलं, आणि मूठभर कोंडा मायच्या हातावर ठेवून मला विकत घेतलं. म्हणून माझं नाव कोंडा. ज्या घरात लेकरं जगतात त्या घरची म्हणून सांगायचं, म्हणजे शोधत येणारी अवदसा भलत्याच दाराला जाते. आणि मुलीच्या मांडीवर तिचं स्वतःचं लेकरू येईस्तोवर आईनं तिला तोंडानं माझी म्हणायचं नाही, असा नेम.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण गावातल्या कुठल्या पोराला असं सांगत नाहीत? तुला उकिरड्यावरून आणलं, तुला बोहारणीकडून घेतलं. मी ते तसंच धरलं होतं, चेष्टेचं. मास्तर गेल्यावर मी रडायला लागले तेव्हा माय जवळ आली. "कामून रडायलीस? मी तुजं नाव घेतलं न्हाई ते तुज्याच भल्यासाठी," ती म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. भलं फक्त माझंच कसं? दोन्ही पोरांची नावं तर स्वच्छ लिहून दिली. त्यांना नजर लागत नाही का? मला वाटलं, पट्टीची भीती होती, एक डोकं लपवायचं होतं आणि लपवायला मुलगी सापडली. नेमबीम ही सगळी मागाहून सुचलेली सबब.

ते तेवढ्यावर राहिलं असतं तर मीही विसरले असते. पण लढाई लांबली आणि सरकारची लेव्ही आली. शेतकऱ्याच्या घरात डोईमागं ठराविक ज्वारी ठेवायची, बाकीची सरकारच्या गोदामात घालायची. कुणाच्या घरात किती डोकी, हे बघायला पटवाऱ्यानं सोपी वाट धरली. शुमारीच्या वेळची यादी त्याच्यापाशी होती, तीच काढली. आमच्या अंगणात माप चालू होतं. चार डोक्यांची ज्वारी बाजूला पडली आणि माप थांबलं.

"आन् ही?" अप्पांनी माझ्याकडं हात केला.

पटवारी आमच्याच गावचा. मी त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेली. "ही कोन?" तो म्हणाला. "कागदावर कुठाय?"

अप्पांचा हात खाली आला. बोलणार काय? ती चार नावं त्यांच्याच घरातून सांगितलेली होती. खोटं सांगितलं म्हणून कबूल करायचं, की पोर उपाशी ठेवायची? ते ज्वारीच्या ढिगाकडं बघत उभे राहिले. पटवारी इतका अडाणी खचित नव्हता, त्याला सगळं कळत होतं. शेजारच्या दारात उभ्या लगमाक्काकडं बघून त्यानं उगीच विचारल्यासारखं केलं, आणि तिनं नाही म्हणून मान हलवली, कारण तिच्याही यादीत मी नव्हते.

त्या वर्षी पाच माणसांनी चौघांची ज्वारी खाल्ली. माय शेवटी जेवायला बसायची आणि भूक नाही म्हणायची. तेही मी तेव्हा सरळ घेतलं नाही. मला दिसायचं ते इतकंच, की भाकरीच्या टोपल्याकडं सगळ्यांनी बघितलं की मग नजर माझ्याकडं वळते. खरंच वळत होती का, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे. मामा आला तेव्हा अप्पा त्याला म्हणाले, "घेऊन जा हिला. तिकडं शाळा तरी शिकंल." आडून ऐकणाऱ्या माझ्या मनानं त्यातली शाळा बाजूला केली आणि फक्त घेऊन जा एवढंच ठेवून घेतलं.

सोलापुरात सकाळ भोंग्यानं व्हायची. चाळीत एका जिन्याला बारा खोल्या, खाली एक नळ, नळाला रांग. तिथं मला मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली, म्हणायचे. मोगलाईतल्या पोरींना म्हणे चप्पल माहीत नसते, मोगलाईतले लोक म्हणे दारात माणूस दिसला की लपतात. दुसरं खोटं नव्हतं. मामाकडं रेशन कार्डाचा माणूस आला तेव्हा मी संडासाच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. मामानं हाक मारून आणलं आणि लिहायला लावलं: कोंडाबाई, भाची. माझं नाव कागदावर आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथं. आनंद व्हायला हवा होता. मी विचार करत बसले की मामाला यातून काय मिळत असेल. त्याला माझ्या वाटचं धान्य मिळत होतं आणि ते तो मला खाऊ घालत होता, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं.

दर उन्हाळ्यात चाळीत नवी माणसं यायची. अफजलपूरची, इंडीची, आमच्या बाजूची. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, मग तीन. शहर फुगत होतं आणि ते कुठून फुगतंय हे मला नळावरच्या बोलीवरून कळायचं. शाळेत आमच्या बाई नकाशा लावून सांगायच्या, जगात अमुक मुलखात माणसं झपाट्यानं वाढतायत, तमुक मुलखात पाळणे कमी हलतायत, अमक्या प्रांतात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कमी. मी हात वर केला. म्हटलं, "बाई, कमी आहेत की लिहिल्या नाहीत?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि कुठून आलीस ते विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, मायवरच्या संशयासकट. त्या म्हणाल्या, आईला एकदा सरळ विचार ना. मी म्हटलं, सरळ विचारलं की सोयीचंच उत्तर येतं.

मग ते वर्ष आलं. इकडं इंग्रज गेला होता, तिकडं निजाम राहिला होता, आणि सरहद्दीवरच्या गावांत रझाकारांची दहशत सुरू झाली. गावंच्या गावं उठून सोलापूरच्या बाजूला यायला लागली. शहराबाहेर छावण्या पडल्या. लिहितावाचता येणाऱ्यांची गरज होती म्हणून बाई आम्हा मोठ्या मुलींना घेऊन जायच्या. टेबलाशी बाई विचारायच्या आणि शेजारी बसून मी लिहायची. गाव, नाव, माणसं किती. माणसागणिक एक पांघरूण मिळायचं. थंडी पडायला लागली होती. लोक काय करत असतील सांगा? बहुतेक जण डोकी वाढवून सांगत. मेलेली आजी सांगत, मागं राहिलेला भाऊ सांगत. मी मोगलाईतली, मला लगेच कळायचं. तरी लिहायची.

एका दुपारी रांगेत माय उभी होती. दोन्ही हातांना माझे दोन भाऊ. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मी टेबल सोडून धावले. तिनं मला छातीशी धरलं आणि इतकं घट्ट धरलं की मला श्वास घेता येईना. अप्पा बैलं सोडून यायला तयार झाले नव्हते. ते आहेत की नाहीत हेही तिला ठाऊक नव्हतं. लगमाक्काचं सगळं घर मेंढरं घेऊन कुठल्या दिशेला गेलं, कुणाला पत्ता नव्हता. थोड्या वेळानं त्यांची पाळी आली. मी डोळे पुसून परत लेखणी घेतली.

"मुलं किती?" बाईंनी विचारलं.

"देवाच्या दयेनं हायती की ही," माय म्हणाली. आकडा काही तिनं तोंडातून काढला नाही. बाईंनीच मोजले. दोन. मग माझ्याकडं बघून त्या हसल्या. "आणि ही तुमचीच ना? कोंडा, तुझंही नाव घाल. एक पांघरूण जास्त येईल, पोरं किती काकडलीत बघ."

मायचा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाई बाई," ती म्हणाली. "ती माजी न्हाई. लगमाक्काची हाय."

"अहो, आत्ता तर तुम्ही हिला..."

"लगमाक्काची," माय म्हणाली. तिनं मान फिरवली आणि इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. भोवती फक्त आमच्यासारखीच गाव सोडून आलेली माणसं होती. त्यातलं कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

या वेळी लपवण्यात कसला फायदा होता? कसली पट्टी बसणार होती? हो म्हणाली असती तर माझ्या भावांना पांघरूण मिळत होतं. नवरा जिवंत आहे की नाही माहीत नाही, घर जळलं की राहिलं माहीत नाही, आणि अशा वेळी, मरण इतकं जवळून फिरत असताना, ही बाई माझं नाव आपल्या नावाखाली घालू देईना. माझ्याच भल्यासाठी, हे पहिल्या वेळीही ती खरंच बोलली होती तर. इतकी वर्षं मी तिला चोर धरून बसले होते. मला रडू आलं, लाज वाटली, आणि बाईंच्या देखत मी कागदावर लिहिलं: मुलगे दोन.

संध्याकाळी मामीची गोधडी नेऊन मी भावांना दिली. मामीला ते आवडलं नाही.

अप्पा जगले. निजाम गेला, ते बैलांसकट घरातच सापडले, आणि माय परत हळ्ळीखेडला गेली. मी गेले नाही. सातवी झाली होती, पुढं शिक्षिका झाले, लग्न सोलापुरातच झालं. अप्पांबद्दल मात्र माझी अजून पुरती खात्री नाही. मास्तरासमोर ते गप्प बसले ते मायच्या नेमासाठी, की पट्टीच्या भीतीनं? दोन्ही असेल. माणूस एकाच कारणानं गप्प बसतो असं थोडंच असतं. मी त्यांना विचारलं नाही आणि ते सांगून गेले नाहीत. ही एक ठुसठुस मी ठेवून घेतली आहे.

आता पेपरात तक्ते येतात. या खंडात माणसं वाढली, त्या देशात म्हातारेच उरले, अमुक जिल्हा वाढतोय, तमुक रिकामा होतोय. हळ्ळीखेड वाढलं म्हणतात. भाऊ लिहितो, गल्ली ओळखू येणार नाही तुला, येऊन बघून जा. मी जाते, चार दिवस राहते, परत येते. गावच्या कुठल्याही कागदावर मी कधी नव्हते आणि सोलापूरच्या सगळ्या कागदांवर आहे, रेशनच्या, शाळेच्या, मतदारांच्या. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडून हळ्ळीखेडच येतं. तुम्हा बाहेर पडलेल्यांचंही असंच होत असेल. माझ्यापुरतं सांगते, माझं नाव घ्यायला जिथं कुणीतरी घाबरत होतं, ते माझं घर.

मला पहिली मुलगी झाली तेव्हा माय बाळंतपणाला सोलापूरला आली. बाराव्या दिवशी तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, घागर उचलली आणि खाली नळाला गेली. मी खिडकीतून बघत होते. रांगेत पाच-सहा बायका होत्या. माय पुढं झाली, घागर खाली ठेवली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ती वरच्या खोलीतली मास्तरीन हाय न्हवं, कोंडा? ती माजी लेक हाय. माज्या पोटची." बायकांना त्यात काय विशेष ते कळेना. माय मात्र थांबेना. प्रत्येकीला वेगळं गाठून सांगायला लागली, माझी, माझी लेक.

हे ऐकायला मी सगळा जन्म काढला होता. आणि मांडीवरचं बाळ मी पदराखाली ओढून घेतलं, खिडकीतून वाकले आणि खाली ओरडले, "माय, हळू बोल की! कुनी ऐकंल."